‘संकलन’ अ‍ॅप: अपप्रेरणेच्या कलमांसाठी कितपत उपयोगी?

एनसीआरबीचं, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं ‘संकलन’ हे मोफत अ‍ॅप मार्च २०२४ मध्ये आलं आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम नव्या संहितेत कुठे गेलं, हे शोधायला आज याच्याइतकं हाताशी असलेलं साधन दुसरं नाही. इंटरनेट नसतानाही ते चालतं, त्यामुळे तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातही अडत नाही. वकील, ठाणे अंमलदार, कायद्याचे विद्यार्थी यांनी ते फोनमध्ये ठेवावंच. पण अपप्रेरणा, म्हणजे दुसऱ्याला गुन्हा करायला चिथावणं, त्यासाठी कट करणं किंवा जाणूनबुजून मदत करणं, हा विषय असेल तर नुसत्या तुलनातक्त्यावर थांबू नये. इथे आकडे फसवतात.

जुनं १०७ म्हणजे अपप्रेरणेची व्याख्या; ती आता ४५ मध्ये आहे. जुनं १०८ हे आता ४६. मात्र नव्या संहितेतही १०७ आणि १०८ अपप्रेरणेचीच कलमं आहेत, ती आत्महत्येच्या अपप्रेरणेची! १०७ मध्ये बालक किंवा मनोविकल व्यक्तीच्या आत्महत्येसाठी फाशीपर्यंत शिक्षा आहे, १०८ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. याहून धोक्याचं आहे १०९. जुन्यात ते अपप्रेरणेच्या शिक्षेचं कलम होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने चोरीच्या मदतनीसावर ‘सह १०९’ लिहिलं जायचं. आज तेच ‘३०३(२) सह १०९’ असं लिहिलं तर चोरीसोबत खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं. बरोबर जोडी आहे ‘३०३(२) सह ४९’. ११७ तर तीन ठिकाणी भेटतं: दंड संहितेत जनतेला किंवा दहापेक्षा जास्त जणांना चिथावणं, न्याय संहितेत जबर दुखापत आणि साक्ष्य अधिनियमात, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्यात, विवाहितेच्या आत्महत्येबाबतचं गृहीतक. म्हणून अ‍ॅपमध्ये आकडा शोधण्याआधी कुठला कायदा उघडला आहे ते पाहावं. आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनंच कलम लागतं, एफआयआर कधीही नोंदलेला असो.

तक्ता पाहून कलम उघडलं नाही तर दुसरी चूक होते. जुनं ११७ नव्या ५७ मध्ये आलं, एवढं कळतं. पण शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत गेली आणि ‘कैद किंवा दंड किंवा दोन्ही’ऐवजी कैद आणि दंड झाला, हे कलम वाचल्यावरच ध्यानात येतं. जमावाला भडकवण्याच्या प्रकरणात हा फरक फार मोठा आहे.

४८ ला जुन्यात जोडीच नाही. परदेशात बसून भारतातल्या गुन्ह्यासाठी चिथावणी देणारा आता थेट या कलमात येतो. दुबईहून फोनवर सुपारी देणारा, उदाहरणार्थ. याच्या उलटं, भारतातून परदेशातल्या गुन्ह्याला चिथावणं, हे जुनं १०८-अ होतं. त्याच्या दृष्टांतात, म्हणजे कलमासोबत दिलेल्या उदाहरणात, ‘गोव्यातला परदेशी माणूस’ होता. १८९८ मधलं ते वाक्य गोवा मुक्त झाल्यावरही तसंच छापलं जात राहिलं. नव्या ४७ मध्ये त्याजागी ‘क्ष देश’ आला. अ‍ॅपमध्ये दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले तर असे बदल लगेच दिसतात, आणि हा त्याचा सगळ्यात चांगला उपयोग आहे.

नवं ९५ हेही नजरेतून निसटतं, कारण ते अपप्रेरणेच्या प्रकरणात नाही. बालकाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं कैद, शिवाय दंड. गुन्हा घडला तर त्या गुन्ह्याचीही शिक्षा.

४६ ची स्पष्टीकरणं मात्र सावकाश वाचावीत. ज्याला चिथावलं त्याने नकार दिला तरी चिथावणारा सुटत नाही. खुनाची चिथावणी वाया गेली तर ५५ खाली सात वर्षांपर्यंत, त्यातून कुणाला दुखापत झाली तर चौदा वर्षांपर्यंत. बाकी कैदेच्या गुन्ह्यांना ५६: गुन्हा घडला नाही तर कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत. चोरीची कमाल तीन वर्षं, म्हणजे नऊ महिने. गुन्हा रोखणं हेच ज्याचं कर्तव्य त्या लोकसेवकाने चिथावलं तर निम्म्यापर्यंत, म्हणजे दीड वर्ष. १०८ लावताना सोबत ४९ जोडू नये; ४९ हे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिथेच लागतं. दखलपात्र की अदखलपात्र, जामीन मिळेल की नाही, हे न्याय संहितेत सापडणार नाही. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याची, पहिली अनुसूची उघडावी लागते.

अ‍ॅपमध्ये न्यायनिवाडे नाहीत, आणि १०८ खालच्या तक्रारीत खरा प्रश्न तिथेच असतो. रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड या २००१ च्या निकालाप्रमाणे, परिणामाचा हेतू नसताना रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये महेंद्र आवासे प्रकरणातही, केवळ दुःखी कुटुंबाच्या समाधानासाठी पोलिसांनी हे कलम यांत्रिकपणे लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. फिर्याद लिहून घेण्याआधी हे दोन निकाल वाचलेले असावेत. सर्वोच्च न्यायालयाच्या डिजिटल एससीआर या संकेतस्थळावर निकाल विनामूल्य वाचता येतात.