काठावर धरलेला व्हर्नियर

गेल्या आठवड्यात वणीकडच्या ओळखीच्या एका मुलाने मोबाइलवर फोटो पाठवला आणि विचारले, "दादा, ही डिस्क घेऊ का?" फोटोत मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकची डिस्क होती, तिला जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर लावलेला होता, पडद्यावर 4.92 मिलिमीटर हा आकडा होता आणि व्हर्नियर धरणाऱ्या अंगठ्याच्या नखावर काळा डाग होता. तो डाग मी लगेच ओळखला, कारण हाच फोटो चौदा महिन्यांपूर्वी मला आला होता आणि त्याच्या भरवशावर मी साडेसोळा हजार रुपये घालवले होते. त्या मुलाला फोनवर जे सांगितले, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

मी दारव्हा तालुक्यात राहतो. घरची शेती कापूस-तुरीची आहे आणि जोडीला फवारणी पंप व इंजिन दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. 390 सीसीची एक जुनी गाडी मी केवळ ट्रॅकसाठी ठेवली आहे. कापसाचे पैसे हाती आले की वर्षातून एकदा ती नागपूरहून रेल्वेने पार्सल करतो आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवून परत आणतो. गावात या छंदाला कोणी शहाणपण म्हणत नाही, आणि ही हकिकत ऐकल्यावर तर मुळीच म्हणणार नाही.

त्या वर्षी पुढच्या ब्रेकचे सगळेच काम निघाले होते. एका मोठ्या शहरातला विक्रेता ओळखीतून मिळाला. त्याच्याकडे 'रेसिंगचा पूर्ण सेट' होता: ब्रेम्बो या ब्रेकच्या कंपनीचा 19 मिलिमीटर पिस्टनचा रेडियल मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबली की ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग), डिस्कला घासणारे सिंटर्ड पॅड, एकदाच ट्रॅकवर वापरलेली डिस्क, ऑइल नेणारा स्टीलच्या जाळीचा होज आणि डॉट 4 ब्रेक ऑइलची बाटली. मी दारव्ह्याचा म्हटल्यावर तो एकदम वऱ्हाडी बोलायला लागला, "भाऊ, तुमी तं आपल्याच भागातले" म्हणाला, आणि तिथेच माझी अर्धी सावधगिरी गळून पडली. आठ हजार आगाऊ पाठवले, उरलेले पार्सल हाती आल्यावर. बिलाऐवजी साध्या कागदावर हाताने लिहिलेली रक्कम आली.

पहिली चूक माझीच होती. मास्टर सिलिंडर मोठा म्हणजे ब्रेक जोरदार, असे त्याने सांगितले आणि रोज पंप उघडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ते मान्य केले. खरे गणित उलटे आहे. हाताचा जोर आणि लिव्हरची रचना तीच धरली, तर पिस्टनचे क्षेत्रफळ जितके वाढेल तितका ऑइलवरचा दाब कमी होतो. 14 चा वर्ग 196 आणि 19 चा वर्ग 361. म्हणजे 14 मिलिमीटरच्या पिस्टनऐवजी 19 चा लावला, तर त्याच मुठीतून जवळपास 54 टक्केच दाब मिळतो. 19 चा सिलिंडर दोन डिस्क आणि दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) असलेल्या मोठ्या गाड्यांसाठी असतो. माझ्या गाडीला पुढे एकच डिस्क आहे आणि अशा गाडीला साधारण 14 ते 16 चा पुरतो. मोठ्या सिलिंडरने लिव्हर लाकडासारखी कडक लागते, थोडीच दबते, आणि नवखा माणूस त्या कडकपणालाच ताकद समजतो. मीही समजलो.

ट्रॅकवर गाडी सोडण्याआधी तपासणी झाली. तपासणारे कॅलिपरच्या बोल्टला तार बांधली आहे का, कुठे गळती आहे का, लिव्हर घट्ट लागते का, हे बघतात. पॅडवरचा घासणारा मसाला कशाचा आहे हे त्यांना बाहेरून दिसणे शक्य नाही. दुसऱ्या फेरीपासून लिव्हर कडकच राहिली, पण गाडी थांबेना. तो पॅडचा दोष होता. चौथ्या फेरीत सरळ रस्त्याच्या शेवटी लिव्हर दाबली आणि ती थेट मुठीला येऊन टेकली. तो ऑइलचा दोष होता, कारण ऑइल उकळले की त्यात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. मी वळणाबाहेरच्या मातीत गेलो, गाडी आडवी झाली, डाव्या मनगटाला सूज आली. एवढ्यावरच निभावले ते माझ्या मागे जवळ कोणी नव्हते म्हणून.

घरी आल्यावर सगळे सामान उघडले आणि डिस्क घेऊन ओळखीच्या जिनिंगमधल्या फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी कपाटातून मायक्रोमीटर काढला, डिस्कच्या ज्या पट्ट्यावर पॅड घासतात तिथे सहा ठिकाणी लावला आणि म्हणाले, "हे मधात खाल्लं गेलं हाय जी. यानं काठावरच धरला असन." पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे वापरलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेली एक उंच किनार राहते. व्हर्नियरचे जबडे सपाट असतात. ते त्या किनारीवर टेकले की मधली झीज मोजलीच जात नाही. फोटोत 4.92 दिसत होते, मध्ये 4.1 भरले. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. ती काळ्या रंगाखाली झाकलेली निघाली आणि थिनरने पुसल्यावर तिथे 4.5 दिसले. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तीच उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनकडे व ऑइलकडे जाते, हे मला पाठ होते. मोजायचे मात्र सुचले नव्हते.

पॅडच्या पाठीवर 'एचएच' लिहिलेला कागदी स्टिकर होता. या दोन अक्षरांपैकी पहिले थंड आणि दुसरे गरम अवस्थेतल्या घर्षणाचा दर्जा सांगते, आणि एच म्हणजे घर्षणांक 0.55 च्या वर. सिंटर्ड पॅडचा मसाला धातूची भुकटी दाबून व तापवून केलेला असतो, त्यामुळे त्यातून वीज वाहते. दुकानातला मल्टिमीटर मसाल्यावर दोन ठिकाणी लावला, तर सुई हललीसुद्धा नाही. ते धातूच्या भुकटीचे नसलेले साधे ऑरगॅनिक पॅड होते, त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता.

बाटलीचे झाकण पूर्वी उघडून पुन्हा चिकटवलेले होते. डॉट 4 ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसला उकळावे आणि सुमारे 3.7 टक्के पाणी शोषल्यावर किमान 155 अंशांना, असा निकष आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढते. उघडी बाटली एक पावसाळा कपाटात राहिली, तर तिचे काय होते हे वेगळे सांगायला नको.

सिलिंडरही बनावट निघाला. त्या मालिकेच्या मूळ सिलिंडरमध्ये लिव्हरच्या टेकूचे अंतर 18 किंवा 20 मिलिमीटर करण्याचा स्क्रू असतो. यात स्क्रू होता, फिरतही होता, पण आत टेकू जागचा हलत नव्हता. ब्रेम्बो आपल्या अशा मालाच्या खोक्यात खरवडून वाचायच्या कोडचे सीलबंद कार्ड घालते आणि तो कोड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. माझ्याकडच्या खोक्यात कार्ड नव्हते. विचारल्यावर "दाखवण्यासाठी बॉक्स उघडला, तेव्हा हरवलं" असे उत्तर मिळाले होते, आणि मला तेव्हा ते पटले होते. होज तेवढा खरा होता. तांब्याचे वॉशर मात्र एकदा दाबले गेलेले, जुने.

विक्रेत्याने दोन फोन घेतले, तिसऱ्यापासून नंबर बंद लागला. 1930 या सायबर हेल्पलाइनवर मी महिन्याभराने तक्रार नोंदवली. पैसे गेल्याबरोबर नोंदवली असती तर ते खात्यात अडवता येण्याची शक्यता तरी होती. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे हाताने लिहिलेला तो कागद, पैसे पाठवल्याची नोंद आणि काळ्या डागाच्या नखाचा फोटो आहे. वणीच्या मुलाला आलेल्या संदेशातला नवा नंबर आता त्याच तक्रारीला जोडला आहे.