आपत्तीतल्या शिक्षणाचा समन्वय कोणाकडे द्यावा: मंत्रालय, क्लस्टर की निर्वासितांची यंत्रणा?

भूकंप असो, पूर असो, युद्ध असो की सीमा ओलांडून आलेली माणसं असोत, शिक्षणाच्या मदतकामाची पहिली समन्वय बैठक लवकरच बसते. तंबू किती लागतील, वह्या-पाट्या किती, कोणत्या जिल्ह्यात कोणती संस्था जाणार, यातच सगळा वेळ निघून जातो. ही बैठक बोलावण्याचा अधिकार कोणाचा, हे मात्र ज्याने आधी खुर्च्या मांडल्या त्याच्यावर सोडलं जातं. पुढे योजना, निधी आणि शिक्षकभरती त्याच खुर्चीमागून चालते आणि मग ती बदलणं महाकठीण होऊन बसतं.

मंत्रालयाचा आपत्ती कक्ष, एखाद्या संस्थेचा कार्यक्रमप्रमुख किंवा निधी देणारा अधिकारी यांच्यापैकी कोणी या निवडीपाशी उभा असेल, तर त्याच्यासाठी ही तुलना. माझं मत आधीच सांगून टाकतो. अध्यक्ष कोण यावर फार भांडू नये. दोन प्रश्न विचारावेत: या मुलांनी शेवटी परीक्षा कोणाची द्यायची, आणि तिसऱ्या वर्षी शिक्षकाचा पगार कोण देणार? ज्याच्याकडे याची उत्तरं आहेत, तो पहिल्या आठवड्यापासून टेबलावर हवा.

तीन मांडण्या

पहिल्या मांडणीत देशाचं शिक्षण मंत्रालय पुढे असतं आणि बाकीच्या संस्था त्याच्या हाताखाली किंवा सोबतीने काम करतात.

दुसरी क्लस्टर पद्धत: आरोग्य, पाणी, शिक्षण अशा एकेका विषयात काम करणाऱ्या मदतसंस्थांचा एकेक समन्वय गट आणि तो चालवणारी ठरलेली संस्था. ती २००५ च्या मानवतावादी मदतीतल्या सुधारणांतून आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानातल्या भूकंपात पहिल्यांदा वापरली गेली. शिक्षणाचं क्लस्टर त्यानंतर उभं राहिलं. जागतिक पातळीवर युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन ते मिळून चालवतात. संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि स्वयंसेवी संस्था बरोबरीने सांभाळतात असं हे एकच क्लस्टर आहे. आपत्ती आली की ते आपोआप सुरू होत नाही. देशाची स्वतःची समन्वय व्यवस्था कमी पडते आहे असं दिसलं, तर ते रीतसर जाहीर करावं लागतं आणि गरज संपली की बंद करायचं असतं. जाहीर करण्याचा उत्साह बंद करताना सहसा दिसत नाही.

तिसरी निर्वासितांची यंत्रणा. सीमा ओलांडून आलेल्यांची जबाबदारी यूएनएचसीआरची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेची, असते, त्यामुळे तिथे क्लस्टर लागू होत नाही. यजमान सरकार आणि यूएनएचसीआर मिळून समन्वय करतात. २०१३ मध्ये या कामाला ठरावीक चौकट मिळाली.

वेग: क्लस्टर दरवेळी पुढे असतं असं नाही

क्लस्टरच्या बाजूने पहिला मुद्दा नेहमी वेगाचा मांडला जातो. अनुभवी समन्वयक आणि माहिती व्यवस्थापक थोड्या दिवसांत येऊन पोहोचतात. गरजांच्या पाहणीचे तयार नमुने, कोण-काय-कुठे करतंय याचा तक्ता आणि निधीच्या आवाहनाचा साचा त्यांच्यापाशी असतो. मंत्रालयाची स्वतःचीच इमारत कोसळलेली असताना याची किंमत फार मोठी असते.

हैतीत २०१० च्या भूकंपानंतर नेमकी तीच स्थिती होती. क्लस्टर झपाट्याने उभे राहिले. पण बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर होत, आत जायला ओळखपत्र लागे आणि बोलणं बरंचसं इंग्रजीत चाले. देश फ्रेंच आणि क्रिओल बोलणारा. स्थानिक संस्था बाहेर राहिल्या, अशी टीका त्या काळी बरीच झाली. निर्णय भराभर झाले, पण ज्यांच्या शाळा होत्या त्यांतले कितीतरी जण त्यांत नव्हते.

नेपाळचं उदाहरण याच्या उलट. तिथे शिक्षण विभागाच्या नेतृत्वाखालचं क्लस्टर भूकंपाच्या आधीपासून होतं. युनिसेफ आणि सेव्ह द चिल्ड्रन त्याला साथ देत होते. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, १२ मेला दुसरा मोठा धक्का बसला. २५ हजारांच्या आसपास वर्गखोल्या पूर्ण पडल्या होत्या. तरी ३१ मे रोजी तात्पुरत्या वर्गांत शाळा पुन्हा सुरू झाल्या. ती तारीख सरकारने जाहीर केली होती, म्हणून शिक्षक हजर झाले आणि पालकांनीही मुलं पाठवली. बाहेरच्या समन्वयकाने जाहीर केलेल्या तारखेला ते वजन नसतं. फिलिपिन्स तर आणखी पुढे गेला: २००७ मध्येच सरकारने क्लस्टर पद्धत आपल्या आपत्ती व्यवस्थेत घेतली आणि शिक्षणाचं नेतृत्व तिथल्या शिक्षण विभागाकडे दिलं.

म्हणजे आपत्तीआधी तयारी केलेलं मंत्रालय वेगातही मागे पडत नाही. तयारी नसेल तर मात्र क्लस्टर आणा, आणि बैठकीची भाषा व जागा पहिल्याच दिवशी ठरवा.

परीक्षा आणि दाखला

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक योजना याच ठिकाणी अडकतात. तंबूतला वर्ग दोन आठवड्यांत सुरू होतो. त्या वर्गात शिकलेलं मूल पुढे कोणत्या इयत्तेत बसणार, हे ठरवायला कितीतरी वर्षं जाऊ शकतात.

चाडमध्ये सुदानच्या दारफूरहून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत आधी सुदानी अभ्यासक्रम चाले. लोक लवकर परत जातील हा हिशेब होता. दहाएक वर्षं झाली तरी ते परतले नाहीत. शेवटी २०१४ पासून चाडचा अभ्यासक्रम आणायला सुरुवात झाली. शिक्षकांची नव्याने तयारी करून घ्यावी लागली, भाषेचा प्रश्न आला, पालकांची नाराजी सोसावी लागली. पण मुलांना चाडच्या परीक्षा देता येऊ लागल्या आणि पुढे त्या शाळांना सरकारी शाळा म्हणून मान्यता मिळाली. सुरुवातीपासून शिक्षण मंत्रालय टेबलावर असतं तर हे वळण किती लवकर घेता आलं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

बांगलादेशात कॉक्स बझारला ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले. तिथे अधिकृत क्लस्टर जाहीर झालं नाही आणि नेहमीची निर्वासित यंत्रणाही जशीच्या तशी लागू झाली नाही. वेगळा आंतरसंस्था गट तयार होऊन ‘सेक्टर’ या नावाने काम चाललं. शिक्षण केंद्रं हजारोंनी उभी राहिली. पण बांगलादेशचा अभ्यासक्रम शिकवायला सरकारची परवानगी नव्हती आणि म्यानमारच्या अभ्यासक्रमाला मान्यता नव्हती. त्यामुळे अनौपचारिक स्तरांवर शिकवणं चालू राहिलं. म्यानमारच्या अभ्यासक्रमाचा पथदर्शी प्रयोग थेट २०२१ च्या अखेरीस सुरू झाला. समन्वय करणारे तिथे कमी नव्हते. पण दाखल्याचा निर्णय राजकीय होता आणि कोणत्याही समन्वय गटाला तो घेता येण्यासारखा नव्हता.

या कसोटीवर मंत्रालय सरळ पुढे आहे, कारण परीक्षा मंडळ त्याच्याकडे असतं. निर्वासितांची यंत्रणा सरकारशी थेट वाटाघाट करू शकते म्हणून दुसरी; सरकारला मुलं आपल्या शाळांत घ्यायची नसतील तर मात्र तीही हात टेकते. क्लस्टर इथे सर्वांत कमजोर. त्याचं चक्र वर्षाचं, आणि परीक्षेचा प्रश्न वर्षभरात सुटत नाही.

यजमान देशाचा अभ्यासक्रम म्हणजे सगळे प्रश्न मिटले, असंही नाही. लेबनॉनमध्ये २०१४ पासून मंत्रालयाच्या योजनेखाली सीरियन मुलांना सरकारी शाळांच्या दुपारच्या पाळीत घेतलं गेलं. पण तिथे गणित-विज्ञान फ्रेंच किंवा इंग्रजीत शिकवतात आणि ही मुलं अरबीत शिकून आलेली. शाळेचा दरवाजा उघडला तरी भाषेचा उंबरठा राहिलाच.

शिक्षकाचा पगार

येमेनमध्ये २०१६ नंतर मोठ्या भागातल्या सरकारी शिक्षकांचे पगार थकले. क्लस्टर होतं, संस्था होत्या, आवाहनं निघत होती. पण पगार हा मध्यवर्ती बँक आणि दोन प्रतिस्पर्धी सत्ताकेंद्रांमधला प्रश्न होता. २०१९ मध्ये युनिसेफने महिन्याला सुमारे ५० डॉलरचा भत्ता द्यायला सुरुवात केली. शिक्षक वर्गात टिकावा म्हणून तो गरजेचा होता, पण त्याला पगार म्हणता येत नाही.

निर्वासितांच्या छावण्यांत दुखणं वेगळं. निर्वासितांना नोकरीचा हक्क नसेल, तर त्यांच्यातल्या शिक्षकांना ‘मानधन’ मिळतं आणि शेजारच्या वर्गातल्या सरकारी शिक्षकाला पूर्ण पगार. काम तेच. मग चांगले शिक्षक दुसऱ्या कामाकडे वळतात. मानधनाचा दर प्रत्येक संस्थेचा वेगळा असेल तर शिक्षक जास्त पैसे देणाऱ्या संस्थेकडे जातात आणि पहिली शाळा रिकामी पडते. हे रोखणं मात्र कोणत्याही समन्वय गटाच्या हातात आहे: सर्वांसाठी एकच दरपत्रक, शक्यतो मंत्रालयाच्या वेतनश्रेणीशी जोडलेलं. योजनेत एवढं एक पान नीट लिहिलं तरी बरंच साधतं.

पैसा

मानवतावादी निधीत शिक्षणाचा वाटा बरीच वर्षं साधारण दोन-तीन टक्क्यांत घुटमळतो आहे. युरोपीय संघाने २०१९ पासून आपल्या मदतीतला दहा टक्के वाटा शिक्षणाला देण्याचं ठरवलं, हा ठळक अपवाद. संघर्षाच्या प्रदेशात अनेक देणगीदार सरकारी तिजोरीत पैसा घालत नाहीत, म्हणून क्लस्टर किंवा यूएनएचसीआरच्या मार्गाने तो लवकर येतो. मात्र २०२५ मध्ये मोठ्या देणगीदारांनी हात आखडता घेतल्यापासून क्लस्टरचं मनुष्यबळही आक्रसत आहे. पूर्णवेळ समन्वयक मिळेलच, हे गृहीत धरून योजना आखू नका.

दोन्ही गट एकाच गावात असतील तर

देशांतर्गत विस्थापित आणि निर्वासित शेजारी राहतात तेव्हा दोन यंत्रणा समोरासमोर येतात. या सरमिसळीसाठी २०१४ मध्ये यूएनएचसीआर आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाने, म्हणजे ओचाने, जबाबदाऱ्यांची वाटणी लिहून काढली. तरी प्रत्यक्षात दोन बैठका, दोन तक्ते आणि दोन आवाहनं हे चित्र नवं नाही. इथिओपियात निर्वासितांचं शिक्षण वर्षानुवर्षं निर्वासितांच्या सरकारी खात्याकडे होतं आणि विस्थापितांचं शिक्षण मंत्रालय व क्लस्टरकडे. एकाच जिल्ह्यात दोन शाळांना दोन साहेब.

युगांडाने हा तिढा चांगला सोडवला, असं मला वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने निर्वासित आणि यजमान समाज या दोघांसाठी मिळून साडेतीन वर्षांची एकच योजना आणली आणि तिचं सचिवालय मंत्रालयातच ठेवलं. निधी पुरेसा पडला नाही आणि वर्ग खच्चून भरलेले राहिले. पण कोणाला विचारायचं, हा गोंधळ नव्हता. स्थानिक मुलांनाही त्याच योजनेतून शाळा मिळत असल्यामुळे ‘बाहेरच्यांना सगळं, आम्हाला काही नाही’ ही कुरबुर कमी करायला आधार मिळाला.

योजनेची मुदत

क्लस्टरची योजना बहुधा देशाच्या वार्षिक मानवतावादी योजनेचा एक भाग असते. एज्युकेशन कॅनॉट वेट हा निधी २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी परिषदेत सुरू झाला. त्याचा तातडीचा निधी साधारण वर्षभराचा असतो आणि बहुवर्षीय कार्यक्रम तीन-चार वर्षांचे. तिसरा पर्याय सरकारची संक्रमणकालीन शिक्षण योजना. पूर्ण मुदतीचा आराखडा करण्याजोगी स्थिती नसते तेव्हा मंत्रालय साधारण तीन वर्षांसाठी ती करतं. चाडने २०१८ ते २०२० ची आपली अंतरिम योजना अशीच आखली आणि तिच्यात निर्वासितांनाही जागा दिली.

यातलं एकच निवडायचं असं बंधन नाही. पूर-भूकंपात वर्षाची योजना पुरते, कारण मुलं त्यांच्याच शाळेत परतणार असतात. संघर्षात किंवा निर्वासनात पहिलं वर्ष तातडीच्या निधीवर काढा, पण त्याच वर्षी बहुवर्षीय योजनेचा मसुदा सुरू करा. दुसऱ्या वर्षी सुरू करू म्हणणाऱ्यांचं घोंगडं तसंच भिजत पडतं.

मग कोणाकडे?

नैसर्गिक आपत्ती असेल आणि मंत्रालय उभं असेल तर मंत्रालयच. क्लस्टरची माणसं त्याच्या हाताखाली बसवा. सरकार स्वतःच संघर्षातला पक्ष असेल किंवा देशाच्या काही भागांत त्याची सत्ताच पोहोचत नसेल, तर क्लस्टरशिवाय गत्यंतर नाही. तरीही परीक्षा आणि पगारासाठी मंत्रालयातल्या तांत्रिक अधिकाऱ्यांशी संबंध तोडू नका. मंत्री बदलतात, परीक्षा विभागातला कारकून सहसा तिथेच असतो. निर्वासित असतील तर यूएनएचसीआर आणि शिक्षण मंत्रालय यांचा संयुक्त गट करा. फक्त निर्वासितांच्या सरकारी खात्यावर थांबू नका, कारण त्याच्याकडे पाठ्यपुस्तकंही नसतात आणि परीक्षा मंडळही नसतं.

क्लस्टर निवडलंत, तर ते कोणत्या स्थितीत गुंडाळायचं आणि काम मंत्रालयाच्या कोणत्या विभागाकडे सोपवायचं, हे पहिल्याच योजनेत लिहा. मुलांच्या, शिक्षकांच्या आणि वर्गांच्या नोंदी सरकारच्या शिक्षण माहिती प्रणालीत जे रकाने आहेत त्यांत बसतील अशाच ठेवा: तेच शाळा क्रमांक, त्याच इयत्ता, वयाचे तेच गट. निर्वासित मुलांची नोंद वेगळ्या वहीत राहिली, तर मंत्रालय पुढच्या वर्षीची पुस्तकं आणि शिक्षक मोजेल तेव्हा त्या आकड्यात ती मुलं धरलेलीच नसतील.