इशीच्या रीतीचं धनुष्य: नऊ महिने वापरल्यावर

आधी वस्तू काय ते सांगते, कारण फोटो पाहून तिघांनी मला "हे भिंतीवर लावायचंय ना?" असं विचारलं. ज्युनिपरच्या लाकडाचं आखूड, चपटं धनुष्य आहे हे. पाठीवर हरणाच्या तांतीचा थर आहे. लांबी 42 इंच, म्हणजे जमिनीवर उभं धरलं तर माझ्या कमरेच्या जरा वर. 24 इंच ओढलं की 34 पौंडांचा ताण येतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून घेतलं. पैसे दिल्यापासून हातात पडेपर्यंत 14 महिने गेले. किंमत लिहीत नाही, कारण आई हे वाचणार आहे.

कारागिराने फोनवर पहिली दहा मिनिटं धनुष्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी उंची विचारली, मग म्हणाला, एक हात आडवा लांब कर आणि त्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतचं अंतर नवऱ्याकडून मोजून घे. इशी असंच माप घ्यायचा म्हणे. माझं माप 40 इंच आलं; त्याने 2 इंच वाढवून दिले, "नवशिक्यांसाठी सवलत" म्हणून.

इशी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबते. 29 ऑगस्ट 1911 ला उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, दमलेला माणूस सापडला. त्याची भाषा कुणालाच कळेना. तो याही लोकांपैकी शेवटचा होता. बाकीचे सगळे सोन्यामागे आलेल्या वसाहतवाल्यांच्या गोळ्यांनी, रोगांनी आणि उपासमारीने संपलेले. मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वॉटरमन शब्दांची यादी घेऊन त्याच्यासमोर बसला आणि एकेक शब्द वाचत गेला. काही केल्या ओळख पटेना. शेवटी खाटेच्या लाकडावर बोट ठेवून तो "सिविनी" म्हणाला, म्हणजे पिवळा पाइन. त्या शब्दाला समोरच्याचा चेहरा उजळला. दोघांमध्ये जुळलेला पहिला शब्द लाकडाचं नाव होतं, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

स्वतःचं नाव त्याने कुणालाच सांगितलं नाही. "इशी" म्हणजे त्यांच्या भाषेत नुसतं "माणूस". ते नाव मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबरने ठेवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्नासस टेकडीवर तेव्हा विद्यापीठाचं संग्रहालय होतं. तिथेच त्याची राहायची सोय झाली आणि महिना 25 डॉलरवर झाडलोटीचं कामही मिळालं. रविवारी लोक यायचे आणि तो त्यांच्यासमोर बाणांची पाती घडवायचा, कधी ऑब्सिडियनची (ज्वालामुखीची काळी काच), कधी बिअरच्या बाटलीच्या काचेची. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातला शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचा डॉक्टर होता. तो हळूहळू त्याचा शिष्य झाला. इशी क्षयाने 25 मार्च 1916 ला गेला. साडेचार वर्षांत त्याने जे हाताने दाखवलं ते पोपने लिहून ठेवलं, म्हणून माझ्या म्हाताऱ्या कारागिराला हे धनुष्य करता आलं. आज अमेरिकेत धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या नावाजलेल्या संस्थेला पोप आणि त्याचा मित्र आर्थर यंग यांची नावं आहेत. इशीचं नाही. हे मला खटकतं, आणि यापुढेही खटकेल.

आता वापराकडे.

खोकं उघडल्यावर पहिल्यांदा आला तो वास. शार्पनरमधून नुकत्याच निघालेल्या पेन्सिलीचा. पेन्सिलीचं लाकूडही याच कुळातलं असतं, हे मला मागाहून कळलं. लाकडाची पाठ, म्हणजे नेम धरताना आपल्यापासून लांब असलेली बाजू, फांदीच्या सालीलगतच्या फिकट थरातून काढलेली आहे आणि पोट आतल्या तांबूस गाभ्याचं. धनुष्य वाकलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ज्युनिपर दाब छान सोसतं, ताण मात्र फारसा नाही, म्हणून एवढ्या आखूड लाकडाच्या पाठीला तांत लागते. हरणाच्या पायातले आणि पाठीतले कंडरे ठेचून त्यांचे धागे करायचे, सरसात भिजवायचे आणि शाकारणीसारखे एकावर एक बसवायचे. इशी ते धागे तोंडात चघळून मऊ करायचा आणि सरस सामन माशाची कातडी उकळून बनवायचा. माझा म्हातारा कोमट पाणी आणि हरणाच्या कातड्याचा सरस वापरतो. चघळूनही पाहिलं होतं म्हणाला. त्या रात्री बायकोने त्याला जेवायला वाढलं नाही.

वाळताना तांत आकसते आणि लाकडाला उलट्या बाजूला खेचते. त्यामुळे दोर उतरवली की माझं धनुष्य नेहमीच्या धनुष्याच्या विरुद्ध दिशेला किंचित वळतं. पहिल्या दिवशी मी ते जवळजवळ उलटं चढवलं होतं. तसं केलं असतं तर हा अनुभव इथेच संपला असता.

तक्रारीची मुख्य गोष्ट धुकं. मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते, सराव गोल्डन गेट पार्कच्या पश्चिम टोकाला असलेल्या मोफत मैदानावर. तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर. जून-जुलैमध्ये दुपारी दोनला सुद्धा गवत ओलं असतं. तांत आणि सरस दोघांनाही हवेतला ओलावा पिण्याची खोड आहे. कोरड्या दिवशी 34 पौंड भरणारं धनुष्य आठवडाभराच्या धुक्यानंतर मोजलं तर जेमतेम 30 भरलं. 20 यार्डांवर बाण वीतभर खाली जायला लागले आणि मी महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसले. सप्टेंबरात सॅक्रामेंटोच्या बाजूला मैत्रिणीकडे गेले, तिथे हवा पापडासारखी कोरडी. तिसऱ्या दिवशी तेच धनुष्य 36 पौंड दाखवत होतं आणि बाण वर जात होते. तेव्हा कोड्याचा उलगडा झाला. इशीची धनुष्यं डोंगरातल्या कडक उन्हाळ्यासाठी जन्मलेली, आणि शेवटची वर्षं त्याने काढली याच धुक्यात. त्याला याचा किती वैताग आला असेल, ते मला जून महिन्यात चांगलं कळतं.

या धनुष्याबरोबर माहितीपत्रक नाही. म्हाताऱ्याने एका कागदावर इशीचे नियम तेवढे लिहून दिले, पोपने नोंदवलेले. दोर उतरवलेलं धनुष्य आडवं ठेवावं. उभं ठेवलेलं किंवा दोर चढवून ठेवलेलं धनुष्य दमतं, त्याला घाम येतो. कुणी ते ओलांडू नये. पोराने हात लावू नये. बाईने शिवू नये, नाहीतर ते वाकडं मारायला लागतं.

वाचताना मला थेट आमच्या नाशिकच्या घरातली आजी ऐकू आली. दसऱ्याला पुजलेली हत्यारं, "पाय लागला, पाया पड", झोपलेल्या माणसाला ओलांडलं तर उलटं परत ओलांडायला लावणं. मी हसले आणि धनुष्य कोपऱ्यात उभं करून ठेवलं. दोन महिन्यांनी खालचा बाहू, म्हणजे मुठीखालचा अर्धा भाग, वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला दिसला. कारण म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितलं: उभ्या लाकडाचा भार खालच्या टोकावर येतो आणि जमिनीलगतची ओलही तेच टोक पितं. एकदा दोर चढवलेली विसरून सिनेमाला गेले, परतल्यावर 2 पौंड कमी. ते भरून यायला आठवडा लागला. आणि ओलांडण्याबद्दल म्हणाल तर आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी जमिनीवर आडवं ठेवलेलं धनुष्य ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि मधोमध पाय दिला. मोडलं नाही हे नशीब. आता ते कपाटावर आडवं असतं. इशीचं धनुष्य पुमाच्या शेपटीच्या कातड्याच्या खोळीत असायचं. माझी खोळ जुन्या सोलापुरी चादरीची आहे, सुती असल्याने हवा खेळती राहते आणि ट्रामभर लोक वळून बघतात.

राहिला बाईने न शिवण्याचा नियम. तो मी खोकं उघडतानाच मोडला. त्यावरचा उपायही पोपने लिहून ठेवलाय: वाळू आणि पाण्याने धनुष्य धुवावं. ते मात्र मी केलं नाही. पाण्याने सरस सुटतो, बाईच्या हाताने नाही. या एका बाबतीत गुरूचं ऐकायचं नाही असं ठरवलंय. आजीचंही याच विषयावर ऐकलं नव्हतं.

हाताळणीबद्दल एक उपयोगाची गोष्ट. आखूड धनुष्य पुरतं ओढलं की दोरीचा कोन इतका तीव्र होतो की तीन बोटांनी ओढणाऱ्याची बोटं चिमटतात. पहिले तीन आठवडे अनामिकेवर फोड होता. मैदानावरच्या एकाने लांब धनुष्य घ्यायचा सल्ला दिला, जो अगदी बरोबर होता आणि काही कामाचा नव्हता. मग इशी कसं ओढायचा ते शोधलं: दोर अंगठ्याने ओढायची आणि अंगठ्याला बोटाचा टेकू द्यायचा. एकाच ठिकाणी भार, चिमटा नाही. सवय व्हायला दोन महिने लागले, पण आता दुसऱ्या पद्धतीने ओढवत नाही. द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला, ते फोड बरा झाल्यावर कळलं.

लांबच्या नेमाची अपेक्षा ठेवू नका. इशी गुडघे वाकवून, झुडपाआड दबा धरून, जनावर जवळ यायची वाट बघायचा. हे धनुष्य त्याच बेताचं आहे. 15 ते 25 यार्ड त्याचं घर. 40 वर मी लक्ष्याच्या गवताच्या गंजीलाही दर वेळी लागत नाही. शेजारी कंपाउंड, म्हणजे कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्यांचे लोक 60 यार्डांवर लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात बाण रोवतात आणि माझ्याकडे प्रेमाने बघतात.

दोरीचं सांगायचं राहिलं. मूळ रीतीप्रमाणे दोरसुद्धा तांतीची. म्हाताऱ्याने एक हौसेने दिली होती. धुक्यात ती शेवयांसारखी मऊ झाली. आता डॅक्रॉनची, म्हणजे कृत्रिम धाग्याची, वापरते आणि मनाला लावून घेत नाही. पण कोरड्या दिवशी अजून कधीतरी तांतीची चढवते, ती फक्त आवाजासाठी. चांगल्या धनुष्याच्या दोरीवर बाणाने टिचकी मारली की सूर निघाला पाहिजे, असं इशी म्हणायचा. तो धनुष्याचं एक टोक तोंडाच्या कोपऱ्याशी धरून दोरीवर बाणाने ठोके द्यायचा आणि गायचा. मी करून पाहिलं. गाल आतून गुणगुणतो. आणि मला दिवाळीआधी आमच्या वाड्यात येणारा पिंजारी आठवला, कापसाच्या ढिगात बसून कमानीच्या तांतीवर ठोके देणारा. ट्यांव, ट्यांव. आम्ही पोरं त्या आवाजामागे गल्लीभर धावायचो. पिंजारी यायचा बंद कधी झाला ते आठवत नाही. कुणी विचारलंही नव्हतं त्याला, ही तांत कशी वळतोस म्हणून.

दोष थोडक्यात: सातव्या महिन्यात वरच्या टोकाशी तांतीची कड नखभर सुटली. फोटो पाठवला, उत्तर यायला 19 दिवस लागले. गरम सरस, दोऱ्याची पट्टी आणि दोन आठवडे आराम; बसली. पार्सलवाल्यांनी खोकं दारात पावसात उभं करून ठेवलं होतं, तो राग वेगळा. परत घ्यायची सोय नाही, हमी नाही.

इशीने संग्रहालयात केलेल्या वस्तू आता बर्कलीच्या हर्स्ट संग्रहालयाकडे आहेत. त्याच्या बाणांच्या पात्यांचा अभ्यास करून स्टीव्हन शॅकली या पुरातत्त्वज्ञाने 1996 मध्ये मांडलं की त्यांची घडण याहींपेक्षा शेजारच्या विंटू-नोमलाकी जमातींच्या पात्यांशी जास्त जुळते. म्हणजे बाप किंवा मामा तिकडचा असावा. स्वतःचं नाव न सांगणाऱ्या माणसाचं गोत्र त्याच्या हाताच्या वळणात सापडलं. त्याच्या अस्थींबरोबर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या कोल्माच्या दफनभूमीत एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते. शवविच्छेदन करू नका असं क्रोबरने न्यूयॉर्कहून कळवलं होतं. पत्र पोचायच्या आत ते झालं आणि मेंदू वॉशिंग्टनला गेला. तो 2000 साली परत आला, आणि रक्षेसकट सगळं त्याच्या नातलग जमातींनी कुणालाही न सांगता डोंगरात पुरलं. मी कोल्माला गेले होते ते हे माहीत नसताना. रिकाम्या जागेसमोर दहा मिनिटं उभी राहून आले.

घ्यावं का? कोरड्या हवेत राहत असाल, घाई नसेल आणि 30 पौंडांच्या आसपासचं मागणार असाल तर घ्या. पहिलंच धनुष्य म्हणून नको. म्हाताऱ्याच्या हातात आता कंप आहे. नवीन मागण्या तो वर्षाला चारच घेतो आणि यंदाच्या चारही गेल्या. मी त्याला विचारलं, तुमच्याकडे शिकायला कुणी येतं का. तो म्हणाला, येतात, आणि तांत ठेचायच्या दुसऱ्या दिवशी जातात. मी पुढच्या महिन्यात दोन शनिवार मागून घेतले आहेत. चघळायला लागलं तर नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय.