28 टनी बीएस-6 ट्रक, 14 महिन्यांनंतर: मेन स्विच ओढण्याआधी दोन मिनिटं थांबा

एका मोठ्या जागतिक कंपनीची दहा चाकी गाडी, 28.5 टन पासिंग (मालासह मंजूर वजन), बीएस-6 म्हणजे धुराच्या नव्या नियमांची, रूट कोल्हापूर-भिवंडी. इंजिन, गिअर, पाटे यांबद्दल तक्रार नाही. बोरघाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेक लावला की ब्रेकचे लायनर वाचतात. केबिनला एसी नाही, तो 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांना सक्तीचा झाला. नवी गाडी घेणाऱ्याला आता तो मिळेलच.

खरा प्रश्न युरियाचा, म्हणजे डीईएफचा. धुरातले घातक वायू कमी करायला हा युरियाचा द्राव धुरात फवारला जातो. चेक लाइट लागते, थोड्या वेळाने पिकअप पडतो आणि भरलेली गाडी खंबाटकीत रांगते. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं, "डोसिंग मॉड्यूल बदला," म्हणजे युरिया फवारणारा, नोझल असलेला भाग. बिल पाच आकडी, आणि वॉरंटीचं विचारलं की "युरिया खराब वापरला."

सुरुवातीला माझंही मत हेच होतं की दोष युरियाचाच. म्हणून द्रावातलं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. डीईएफमध्ये युरिया 32.5 टक्के हवा, आयएसओ 22241 प्रमाणे 31.8 ते 33.2 चालतो. सीलबंद बादल्यांतला युरिया प्रत्येक वेळी या मापात बसला. सुट्टा युरिया मात्र घेऊच नका. खताची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते म्हणून ती नळाच्या पाण्यात विरघळवणारे आहेत. त्या खतावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, नळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि दोन्हींनी धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट कायमचा जातो. शिवाय सबसिडीचं खत असं वळवणं हा गुन्हाच आहे.

म्हणजे युरिया चांगला, तरी बिघाड. पाचव्या महिन्यात मत बदललं. कारण सापडलं बॅटरी तोडणाऱ्या मेन स्विचपाशी.

चावी बंद केल्यावर युरियाचा पंप लगेच थांबत नाही. तो उलटा फिरतो आणि पाइप व डोसिंग मॉड्यूलमधला उरलेला युरिया टाकीत परत ओढतो. कान दिला तर बारीक घरघर ऐकू येते. बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर चावी काढल्या काढल्या मेन स्विच ओढतो. पंप मध्येच मरतो, युरिया गरम नोझलमध्ये अडकतो, पाणी उडून जातं आणि पांढरे खडे उरतात. रोज थोडे थोडे साचून भोक बुजतं. दोन मिनिटं थांबलं की हे टळतं. ही सूचना पुस्तकात आहे, इंग्रजीत, मागच्या पानांवर. स्विचवर मराठी-हिंदी पट्टी लावायला कंपनीला किती खर्च आला असता? या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मॉड्यूल बदलण्याआधी हे करून घ्या. सायलेन्सर थंड झाल्यावर क्लॅम्प सोडून मॉड्यूल काढा. टोक कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा. तार किंवा पिन घालू नका, भोक मोठं झालं तर फवारा बिघडतो. पांढरे खडे विरघळतात. बसवताना गॅस्केट नवीनच टाका. मग स्कॅनर लावून मापाच्या भांड्यात डोसिंग टेस्ट घ्यायला सांगा, आणि समोर उभे राहून बघा.

खडे करडे, दगडासारखे असतील तर ते पाण्याने जात नाहीत. त्यांचं कारण वेगळं. गोडाऊनसमोरच्या रांगेत तास-तास इंजिन चालू ठेवलं की धूर पुरेसा तापत नाही आणि युरियाचा अमोनिया होण्याऐवजी थर बसतो. भिवंडीत रांग लांब दिसली की इंजिन बंद. डीपीएफसाठी, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठीही तेच बरं. घाट चढताना तो बराचसा आपोआप साफ होतो, उभ्या गाडीत काजळीने भरत जातो. उभं राहून रिजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) करायची वेळ आलीच तर गाडी गवत, कडबा, ताडपत्रीपासून लांब लावा; सायलेन्सरमधलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं.

खपाची वही ठेवा. 100 लिटर डिझेलला साधारण 4 ते 6 लिटर युरिया जायला हवा. खप अचानक कमी झाला तर ती बचत समजू नका, नोझल बुजतंय. दिवा लागण्याच्या कितीतरी आधी वही सांगते.

युरियासाठी नरसाळं वेगळं ठेवा. पेट्रोल पंपावरचं डीईएफ नोझल 19 मिलिमीटरचं असतं, डिझेलचं त्याहून मोठं, त्यामुळे युरियाच्या निळ्या झाकणाच्या टाकीत डिझेल सहसा जात नाही. पण आपण बादलीने ओततो, तिथे ही सोय संपते. चुकून डिझेल पडलंच तर चावी फिरवू नका. युरियाचा पंप फिरला नसेल तर टाकी रिकामी करून धुण्यावर भागतं, फिरला तर सील फुगून पंपापासून नोझलपर्यंत सगळं बदलावं लागतं.

आता मेन स्विचशेजारी रंगाने लिहिलंय: "चावी बंद, 2 मिनिटं थांब." तेव्हापासून नऊ महिने तो दिवा लागलेला नाही.