मोडी लिप्यंतर, धुळे : वाचन पक्कं, टायपिंग कच्चं

पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला टायपिंगसाठी, अर्धा उशिरासाठी. पाचकंदील भागातले हे गृहस्थ मोडी वाचून देतात, पानाला चारशे रुपये. वाचनात मात्र खोट काढायला जागा नाही.

मी एसटी डेपोत स्टोअरकीपर होतो. पारोळ्याच्या जुन्या घरातला कागद त्यांच्याकडे दिला, तेव्हा जमिनीचं काहीतरी निघेल अशी घरच्यांना आशा. निघाली एका घोडदळ पथकाच्या नेमणुकीची आणि खर्चाची यादी. बायको म्हणाली, "काय से यामा?" म्हटलं, स्टॉक रजिस्टर!

वर ‘सन सीत सितैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर या जुन्या सरकारी कालगणनेचं 1166, आपलं 1765-66. थोरल्या माधवरावांचा काळ, राक्षसभुवनला निजामाला हरवून दोन वर्षं झालेली. हे हिशेबी वर्ष मृगापासून धरायचं. पावसाळ्यात घोडी छावणीला, दसऱ्याला स्वारी बाहेर. लष्कराला असंच वर्ष सोयीचं.

खरी मजा यादीत आहे. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर, बारगीर सरकारी घोड्यावर, दोघांची नावं वेगळी. प्रत्येक नावापुढे घोड्याचा चेहरा, म्हणजे ओळखीचं वर्णन: "कुमाईत (तांबूस-काळसर), कपाळी टिका, डावा पाय पांढरा". चांगलं घोडं दाखवून नेमणूक घ्यायची आणि हजिरीला मरतुकडं उभं करायचं, हे चालू नये म्हणून. आम्ही टायरचे नंबर याचसाठी लिहीत होतो. शिलेदारांना निघण्याआधी नालबंदी, म्हणजे स्वारीच्या तयारीची उचल, रोख; घोड्यांच्या चंदीचा (दाण्याचा) खर्च निराळा. फडणीस, मुजुमदार हे हिशेब बघणारे दरकदार (अधिकारी) हुजुरातून, म्हणजे थेट पेशव्यांकडून नेमलेले. सरदाराला ते परस्पर काढता येत नसत, हेही यांनी न विचारता सांगितलं. पथकाचा मालक आणि हिशेबाचा मालक वेगवेगळे ठेवणाऱ्याला मी मानतो.

रसदीबद्दलही त्यांनी बरंच सांगितलं. लष्कराबरोबर बाजार चाले, धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवर येई. ही साखळी तुटली की काय होतं ते पानिपतावर दिसलं: डिसेंबर 1760 मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊसाहेबांच्या छावणीत उपासमार वाढत गेली.

आता तक्रार. मूळ कागदावर नाव वर, आकडा खाली, बाबवार मांडणी. टाइप होऊन आलं ते सलग परिच्छेदात. रुपये आणि मण एकाच ओळीत. बेरीज काही केल्या जुळेना. वर मणाचे किलो करून दिलेले! अहो, तेव्हाचा मण गावागणिक बदलायचा, कुठल्या मणाचे किलो केले? ती ओळ मी सरळ खोडली. फोन केल्यावर रकाने पाडून दिले, जादा पैसे घेतले नाहीत, पण त्यात आणखी वेळ गेला.

कोर्टात लावायचा कागद असेल तर दाखला मिळेल का ते आधी विचारा. अभ्यासासाठी असेल तर धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथेही चौकशी करा. मूळ कागद देऊ नका, फोटो द्या, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून खाली अक्षरं लिहिलेली असतात. फोटो पुसट झाला की रेघ तेवढी वाचता येते.