हरभट रोडच्या मागच्या बोळातलं अत्तराचं दुकान: दोन वर्षं वापरून झाल्यावर लिहितेय

सांगलीत हरभट रोडच्या मागं एका बोळात अत्तराचं छोटं दुकान आहे, बोर्डावरची अक्षरं पुसलीयत त्यामुळं नाव विचारू नका, कुणालाही "अत्तरवाले चाचा" म्हणा, बरोबर आणून सोडतील. मी दोन वर्षं तिथनं घेतेय आणि आज लिहायला बसले कारण परवा माझ्या मैत्रिणीनं ऑनलाइन फोटो बघून अडीच हजाराचा परफ्यूम मागवला आणि आता तो कपाटात पडून आहे, लावला की तिचं तिलाच मळमळतं.

आधी माझं सांगते, कारण वासाचं ज्याचं त्याचं वेगळं असतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते. सीझनला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हळद डोळ्यात, नाकात, वहीच्या पानात. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा आम्ही दुकानात पेढे वाटले होते, अभिमान आहेच, पण रात्री उशीवर डोकं टेकलं तरी हळदच येते म्हटल्यावर माणसाला दुसरा काहीतरी वास हवा असतो. यार्डात मात्र मी काहीच लावत नाही. सौद्याच्या वेळी व्यापारी हळकुंड मोडून रंग बघतात, नाकाजवळ धरतात, तिथं शेजारी कुणी घमघमत बसलं तर ते मला पटत नाही. म्हणजे माझं अत्तर संध्याकाळी सहानंतरचं, घरचं, सणाचं, आणि शेजारी बसलेल्याला कळेल एवढंच, जिन्यात मी येऊन गेल्याचं कळायला नको.

चाचांच्या दुकानाचं पहिलं सांगायचं म्हणजे ते पहिल्या दिवशी विकत नाहीत. मी गेले, म्हटलं मोगरा द्या. त्यांनी काचेच्या कपाटातनं बाटली काढली, बुचाला लागलेली काचेची काडी माझ्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवली, एवढीशी, आणि म्हणाले, "ताई, आता घरी जावा, जेवण करा, रात्री झोपताना वास घ्या, आवडलं तर उद्या या." मी म्हटलं अहो मी गावभागातनं चालत आलेय, द्या की. नाही म्हणाले. तीनच वास लावतात एका वेळी, एक डाव्या हाताला, एक उजव्या, एक मनगटाला. चौथा मागितला तर म्हणाले, "तिसऱ्यानंतर नाक खोटं बोलतंय." मला तेव्हा राग आला होता पण त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे, आणि ते मला आधी कळलं असतं तर माझे अठ्ठावीसशे रुपये वाचले असते.

ते अठ्ठावीसशेचं असं झालं. पुण्याला नणंदेकडं गेले होते, तिथल्या एका मोठ्या मॉलमधल्या दुकानात पोरीनं कागदाच्या पट्टीवर फवारून हातात दिलं, वा काय वास, लिंबू, संत्रं, एकदम ताजं, घेतलं लगेच. घरी येऊन अंगाला मारलं तर अर्ध्या तासात लिंबू गायब आणि खालनं गोड गोड, जड, उसाच्या चिपाडावर अगरबत्ती लावल्यासारखा वास यायला लागला तो रात्रीपर्यंत गेला नाही. सासूबाईंचं डोकं दुखलं. नंतर चाचांनी सांगितलं की वासाचे थर असतात, वरचा थर लिंबू-संत्र्याचा तो पहिल्यांदा उडून जातो, मग मधला फुलांचा, आणि शेवटी तळाचा राहतो चंदन, कस्तुरी, लाकूड असला, आणि माणूस दिवसभर तळाचाच वास घेऊन फिरत असतो पण विकत मात्र वरचा बघून घेतो. शिवाय कागदाला घाम नसतो, ऊब नसते. तुमच्या कातडीवर तीन-चार तासांनी जे उरतं ते तुमचं अत्तर. माझ्यावर तो तळ बसत नव्हता एवढंच, तोच परफ्यूम नणंदेला दिला तर तिच्यावर चांगला येतो.

आता माल. चांगला माल कनौजचा आहे, उत्तर प्रदेशातलं, अत्तराचं गावच ते. तिथं अजून तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून खाली जाळ करतात, झाकण मातीनं लिंपतात, बांबूच्या नळीतनं वाफ दुसऱ्या भांड्यात जाते, त्याला भपका म्हणतात, तो पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचं तेल असतं, फुलाचा वास त्या तेलात येऊन मुरतो. चाचा हे सांगताना दोन्ही हातांनी डेग आणि नळी करून दाखवतात, मागं गिऱ्हाईक उभं असलं तरी. चंदनाचं तेल लय महाग झालंय म्हणून आता बराचसा माल पॅराफिनवर, म्हणजे बिनवासाच्या खनिज तेलावर, बनतो आणि त्यांच्या पुढच्या शेल्फावर तो पण आहे, पन्नास-शंभर रुपयांच्या बाटल्या, परदेशी परफ्यूमची नावं लावलेल्या. पण विचारलं की स्वतःच सांगतात, "हे पॅराफिनमधलं आहे, वरातीला मारा, रोज अंगाला नको." मला हे आवडलं. गिऱ्हाइकानं विचारायला मात्र पाहिजे, आपणहून सांगत नाहीत, आणि माझ्या मते सांगायला हवं.

मोगरा मी ३ मिलीची कुपी तीनशेला घेतली. मारुती रोडला संध्याकाळी गजरे घेऊन बायका बसतात ना, तो गजरा सहाला घेतला की कळ्या पांढऱ्या, मिटलेल्या, वास हिरवा असतो, आणि रात्री दहाला केसातनं काढला की फुलं उमललेली, कडा जराशा तपकिरी, आणि वास एकदम दाट. चाचांचा मोगरा त्या दहा वाजताच्या गजऱ्याचा आहे. काही जणींना तो जड वाटेल, माझ्या जावेला तर अजिबात चालला नाही, म्हणाली देवघरात बसल्यासारखं होतंय. मला तोच पाहिजे होता. टिकतो पण, ब्लाउजच्या बाहीला लागलेला वास दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना येतो. फक्त कपड्यावर थेट लावू नका, तेलाचा डाग जात नाही, माझी एक मोतिया साडी त्यात गेली, कानामागं आणि मनगटाला लावायचं बास.

पण माझं खरं प्रेम खसवर. खस म्हणजे आपला वाळा, उन्हाळ्यात माठात जुडी टाकतो तोच, त्याची मुळं. हे ६ मिली साडेपाचशेला पडलं. रंगाला गडद हिरवं, मला वाटलं रंग घातलाय, तसं विचारलं पण तोंडावर. चिडले नाहीत. म्हणाले वाळा तांब्याच्या भांड्यात उकळला की तेल हिरवं उतरतं. पहिल्यांदा लावलं की नुसती मुळाची, ओल्या लाकडाची चव नाकाला येते, कुणी म्हणेल हे काय अत्तर आहे, पण थांबा. पंधरा मिनिटांनी माठातल्या पाण्याचा पहिला घोट घेतल्यासारखं होतं. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीय, पारा चाळीसला टेकतो, अशात गोड फुलाचा वास अंगावर शिजतो, वाळा मात्र थंड राहतो. या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी बायकांच्या हाताला हेच लावलं, दरवर्षी गुलाब लावायचे, आणि पन्ह्याचा पेला हातात घेऊन एकेक जण हात नाकाला लावून परत परत विचारत होती कुठलं आहे म्हणून. आमच्या शेजारच्या आजींनी तर डोळे मिटले आणि म्हणाल्या, वाड्यातला पडदा आठवला गं, वाळ्याचा, त्यावर आम्ही पोरी पाणी मारायचो.

कोलन पण ठेवतात, मोठ्या बाटलीतलं. आमच्या पिढीला युडीकोलन म्हणजे ताप. कपाळावर पट्टी, शेजारी वाटीत पाणी आणि चार थेंब युडीकोलनचे, आई रात्रभर पट्ट्या बदलायची. त्यामुळं हे खरं तर अंगाला लावायचं सुगंधी पाणी आहे हे मला मोठं झाल्यावर कळलं. जर्मनीतल्या कोलोन शहराचं ते पाणी, १७०९ साली फरिना नावाच्या इटालियन अत्तरवाल्यांनी तिथं धंदा चालू केला, त्या शहराचंच नाव पडलं. त्यात सुगंधी तेल लय थोडं असतं, शंभरात दोन ते चार भाग, बाकी अल्कोहोल आणि पाणी, म्हणून अंगाला थंड लागतं आणि म्हणूनच तास-दोन तासात उडून जातं. लोक याला कमी दर्जाचं समजतात, मला तसं वाटत नाही. यार्डातनं आल्यावर हातपाय धुवून मानेला आणि कोपराला कोलन मारलं की हळद उतरते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते पण उतरतं, आमटीच्या वासात लुडबूड करत नाही. रोजच्याला यापेक्षा चांगलं काही नाही.

एक मात्र सांभाळा. मागं मी दुसरीकडनं घेतलेलं एक कोलन सकाळी मानेला मारून स्कूटीवर उन्हातनं जायचे, महिनाभरात मानेवर ओघळासारखा काळपट डाग पडला. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं काय लावता, मग सांगितलं की असल्या वासात बर्गमोट नावाच्या लिंबासारख्या फळाचं तेल असतं, त्यातल्या एका द्रव्यानं ऊन लागलं की कातडी काळी पडू शकते. डाग जायला आठ-नऊ महिने लागले. तेव्हापासून लिंबूवर्गीय काहीही ऊन उतरल्यावरच, नाहीतर रुमालाला.

मिट्टी अत्तराचं सांगायचं राहिलं, ते मी घेतलं नाही. चाचांनी तिसरा वास म्हणून मनगटाला लावलं. भाजलेल्या मातीच्या चकत्या त्याच डेगेत उकळून चंदनाच्या तेलात उतरवतात, पहिल्या पावसाचा वास, आणि खरंच हुबेहूब उतरलाय, लोक याच्यासाठी वेडे आहेत. मला मात्र पोटात गोळा आला. आम्ही गावभागातले, नदीकाठच्या जुन्या सांगलीतले. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घरात माळ्यापर्यंत होतं, आणि उतरल्यावर आठ दिवस आम्ही फावड्यानं गाळ ओढत होतो, तो वास, ओल्या मातीचा आणि वर ब्लीचिंग पावडरचा. माझ्या मुलानं नंतर सांगितलं की मातीतले जिवाणू जिओस्मिन म्हणून एक द्रव्य करतात, त्याचा तो वास असतो आणि आपल्या नाकाला त्याचा कणभर अंश सुद्धा कळतो. म्हणजे माती पावसाची असो नाहीतर पुराची, नाकाला सापडणारं तेच. मी चाचांना म्हटलं, पुसा हे. त्यांनी काही न विचारता कापसानं पुसलं, दुसऱ्या कापसानं परत पुसलं. त्यांचं दुकान पण पाण्यातच होतं, चांगला माल आदल्या रात्री ट्रंकेत भरून मिरजेला बहिणीकडं नेला म्हणून वाचला. म्हणाले, "ताई, ही बाटली मी पण तीन वर्षं उघडली नव्हती." कनौजला बसलेल्या माणसाला हे कळणार नाही, सांगलीत दुकान असलेल्याला कळतं.

तक्रारी पण आहेत. भाव लिहिलेले नसतात, एकच अत्तर मला आणि माझ्या जावेला पन्नास रुपयांच्या फरकानं दिलं, विचारल्यावर नवा माल महाग आला म्हणाले, असेल, पण पाटी लावा ना. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर मिळतं. छोट्या कुप्यांची बुचं ढिली असतात, माझी पहिली मोगऱ्याची कुपी पर्समध्ये आडवी झाली आणि निम्मी अस्तरात मुरली, दाखवल्यावर त्यांनी नवी रबरी बुचाची कुपी फुकट दिली आणि थोडी भरून पण दिली, तरी मी आता सरळ उभीच आणते, रुमालात गुंडाळून. शुक्रवारी दुपारी नमाजाला बंद असतं, तीननंतर जावा. गाडी बोळात शिरत नाही, मारुती चौकाकडं लावून चालत या. आणि गर्दीत गेलात तर ते वेळ देऊ शकत नाहीत, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर उटण्याच्या पुड्या घेणाऱ्यांची एवढी रांग असते की वास घ्यायचा विषयच नको, सप्टेंबरमध्येच जाऊन या.

पुरुषांसाठी विचारणाऱ्यांना सांगते, आमचे हे आधी बॉडी स्प्रे मारायचे, ढगच करायचे बाथरूममध्ये. त्यांना चाचांनी नुसतं चंदन दिलं, एक थेंब, छातीला. दोन दिवसांनी म्हणाले मला वासच येत नाही, फसवलं तुझ्या चाचांनी. येत होता, आम्हाला सगळ्यांना येत होता, आपल्या नाकाला आपल्या वासाची सवय होते म्हणून लावणाऱ्याला कळत नाही आणि मग माणूस अजून मारतो, अजून मारतो, एसटीत शेजारी बसणाऱ्याचा जीव जातो. आता ते एका थेंबावर थांबतात.

मला आता हीना बघायचाय. मागच्या महिन्यात विचारला तर कपाटाकडं हात सुद्धा नेला नाही, हीना गरम असतो, म्हणाले, थंडी पडली की या.