जुन्या पॅटर्नसाठी कापड: जुन्या साठ्यातलं घ्यावं की आजचं?

जुन्या पॅटर्नच्या, म्हणजे कपड्याचे भाग कापण्यासाठीच्या कागदी आराखड्यांच्या, पाकिटावर कापडांची यादी असते: रेयॉन क्रेप, शांटुंग, पिके, टॅफेटा, गॅबर्डीन. ही नावं आजही ताग्यांवर दिसतात, पण आतला माल बदललेला असतो. 1940 च्या दशकातलं रेयॉन क्रेप वजनदार, मऊ आणि अंगालगत खाली उतरणारं होतं. आज ‘क्रेप’ म्हणून मिळणारं बरंचसं कापड हलकं पॉलिएस्टर असतं. म्हणून यादी वाचताना विचार करायचा तो कापडाच्या फॉलचा (ते अंगावरून कसं पडतं त्याचा), जाडीचा आणि कडकपणाचा.

पर्याय दोन: त्याच काळात विणलेलं, न वापरलेलं जुनं कापड किंवा आजचं नवं. पहिल्यांदाच शिवत असाल तर नवं घ्या. जुनं कापड कमी पडलं किंवा कापताना चुकलं, तर त्याच ताग्यातलं पुन्हा मिळत नाही. एकदा शिवून, दुरुस्त करून पक्क्या झालेल्या पॅटर्नसाठी मात्र जुन्या कापडाला तोड नाही. रंग, छपाईचा आकार आणि पोत एकमेकांना धरून असतात, आणि पन्हाही (कापडाची रुंदी) पाकिटावरच्या मांडणीशी जुळतो.

या पन्ह्याचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा. जुन्या पाकिटांवर सुती कापडासाठी साधारण 35-36 इंच, रेशीम-रेयॉनसाठी 39 इंच आणि लोकरीसाठी 54 इंच पन्हा धरलेला असतो. आजचं कापड बहुधा 44-45 किंवा 58-60 इंची. पाकिटावर 36 इंची कापड 4 वार लिहिलं असेल, तर क्षेत्रफळाने 44 इंची सव्वातीन वार आणि 58 इंची अडीच वार येतं. हा आकडा कमीत कमी आहे. अर्ध्या वर्तुळाचा घागरा ज्या भागांनी बनतो ते भाग रुंद पन्ह्यावरही एकमेकांशेजारी बसतातच असं नाही, आणि एकाच दिशेच्या छपाईत किंवा मखमलीत भाग उलटसुलट ठेवता येत नाहीत. कागदी भाग जमिनीवर नव्या पन्ह्याच्या चौकटीत मांडून बघा, मगच माप सांगा. त्यावर आटण्यासाठी निदान अर्धा वार जास्त धरा.

रुंद पन्ह्याचा खरा फायदा 1930 च्या दशकातल्या उरेब (धाग्यांना तिरक्या) कापाच्या पोशाखांना होतो. 36 इंचांत घेराचा कोपरा बाहेर जातो आणि जोड द्यावा लागतो. 58 इंचांत बहुतेक वेळा पूर्ण भाग बसतो. या पोशाखांना नवं व्हिस्कोस (रेयॉनचाच प्रकार) क्रेप किंवा रेशमी क्रेप घ्या. पॉलिएस्टर स्वस्त आणि न आटणारं असलं तरी उरेब रेषेवर ते तितकं सैलावत नाही, अंगाला धरत नाही, आणि इस्त्रीने शिलाई सपाट बसवणं कठीण जातं. व्हिस्कोसची खोड वेगळी. ओलं झालं की त्याचा धागा खूप कमजोर होतो, त्यामुळे धुताना पिळू नये. क्रेपचा धागा मुळातच घट्ट पिळाचा, म्हणून पाण्यात पडताच आखडतो. कापण्याआधी धुवाच. उरेब भाग एकाच पदरात कापा, 70 नंबरची सुई वापरा, टाका 2.5 मिमी आणि अगदी बारीक झिगझॅग ठेवा, नाहीतर कापड लोंबल्यावर दोरा तुटतो. खालची घडी घालण्याआधी पोशाख दोन दिवस टांगून ठेवा.

1942 ते 1946 दरम्यानचे पॅटर्न युद्धकाळातल्या काटकसरीमुळे कमी कापडात बसतात: घेर बेताचा, लांबी गुडघ्यापर्यंत. दोन-तीन वारांचे जुने तुकडे वापरायचे असतील तर याच काळाचे पॅटर्न शोधा. 1950 च्या दशकातल्या मोठ्या घेराच्या फ्रॉकला तेवढे तुकडे पुरत नाहीत, आणि तिथे नवं सुती पॉपलिन उत्तम काम देतं. गोधड्यांसाठीचं जाड सुती कापड छपाईमुळे मोहात पाडतं. घेरदार फ्रॉकला ते चालतं, पण 1940 च्या मऊ चुण्यांवर तेच कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. उलट 1970 च्या आसपासच्या ताणल्या जाणाऱ्या विणीच्या (निट) कापडाच्या पॅटर्नना पॉलिएस्टर डबल-निट (जाडसर दुहेरी विणीचं) हेच त्या काळचं कापड आहे. मऊ सुती होजिअरी तिथे ढोपर-कोपरावर फुगते.

जुनं कापड घ्यायचंच ठरवलं, तर आधी ते तपासा. उजेडासमोर धरून कसरीची भोकं बघा. घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठ्यांनी हळू ताण द्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड तिथेच विरतं. जुनं टॅफेटा रेशीम असेल तर जास्तच जपा. वजन वाढवण्यासाठी कथलाचे क्षार चढवलेलं रेशीम उभ्या रेषांत फाटत जातं, आणि त्यावर इलाज नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघा. 20 सेंमीचा चौकोन कापून धुवा. बाजू 19 झाली तर 5 टक्के आटलं. ॲसिटेटवर (रेशमासारखं दिसणारं कृत्रिम कापड) गरम इस्त्री टेकवली तर ते वितळून चिकटतं.

कापड कुठलंही असो, पॅटर्नचं माप नंबरावरून ठरवू नका. 1940 च्या दशकातल्या 14 नंबरची छाती 32 इंच असते, 1968 नंतरच्या 14 ची 36. पाकिटावरचा छातीचा आकडा वाचा. कागद जुना असेल तर मंद इस्त्रीने, वाफ न देता सरळ करून ट्रेसिंग कागदावर उतरवा. मूळ कापू नका. बिनछापील पॅटर्नमध्ये रेषांऐवजी फक्त भोकं असतात, आणि त्यांचा अर्थ सूचनापत्रकातच दिलेला असतो. ते पत्रक नसलेलं पाकीट नवख्याने टाळावं. मायाही (शिलाईबाहेर सोडलेली कापडाची कड) तपासा: जुन्यांत ती बऱ्याचदा अर्धा इंच किंवा त्याहून कमी असते, आजच्या पॅटर्नमध्ये 1.5 सेंमी. लवकर उसवणाऱ्या जुन्या रेयॉनला अर्धा इंच अपुरा पडतो, तेव्हा ट्रेस करतानाच पाव इंच वाढवून घ्या.

खरं कापड कापण्याआधी बेतण्यासाठी पहिला नमुना मांजरपाटाचा शिवतात. उरेब पॅटर्नला मात्र त्याचा उपयोग कमी, कारण तो तसा पडतच नाही. तिथे नमुन्यालाही स्वस्त व्हिस्कोस घ्यावं.